डिस्चार्ज कार्डावरची शेवटची ओळ

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन येतो आणि त्या आठवड्यात सगळीकडे एकच गोष्ट छापून येते: तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं की साडेचार तासांच्या आत रुग्णालय गाठा. ते छापायलाच हवं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्यानंतर सहसा देता येत नाही. पण साडेचार तासांनंतर जी वर्षं उरतात त्यांच्यासाठी डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी तीन शब्द असतात, ‘फिजिओथेरपी सुरू ठेवावी’. कसली, कुठे, किती दिवस, आणि पेशंटला स्वतःला काय जमायला हवं आहे, यातलं काहीही त्या ओळीत नसतं. ती मोकळी जागा मग घरी कोणीतरी भरतंच. मालिशवाला येतो. शेजारी स्पंजचा चेंडू आणून देतात, आणि बोटं आधीच आत वळत असलेला माणूस दिवसभर तो दाबत बसून मूठ आणखी घट्ट करून घेतो. कुणी दाराला दोरी-कप्पी लावून लुळा हात डोक्यावर ओढायला सांगतं. त्या खांद्याचे स्नायू सांध्याला धरून ठेवत नसतात, त्यामुळे महिन्याभरात खांदा असा दुखायला लागतो की पेशंट हाताला हातच लावू देत नाही.

या ओळीच्या जागी काय असावं आणि ते पेशंटला बरोबर घेऊन कसं ठरवावं, यासाठी रुग्णालयांच्या पुनर्वसन विभागांत काम करणाऱ्या आम्हा काही जणांचं हे पत्र.

वॉर्डात आपण कसं बोलतो ते आधी ऐका. ‘पेशंटला बसवलं.’ ‘उभं केलं.’ ‘दहा पावलं चालवलं.’ ‘भरवलं.’ शाळेच्या व्याकरणात याला प्रयोजक क्रियापद म्हणतात: काम एकाच्या अंगाने होतं, करवून घेणारा दुसरा असतो. केस पेपरवर पेशंट स्वतः कर्ता असलेलं वाक्य बहुधा एकच सापडतं, ‘पेशंट सहकार्य करत नाही’. त्या वाक्यामागे काय काय असतं हे आम्हाला रोज दिसतं. खांदा दुखत असतो. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या गोळीची गुंगी असते. चष्मा किंवा कानाचं यंत्र घरी राहिलेलं असतं. आणि बरेचदा, ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला आहे ते त्याने मागितलेलंच नसतं.

विचारायचं कसं, इथेच बहुतेक गाड्या अडतात. ‘तुम्हाला काय हवंय?’ या प्रश्नाला ‘बरं व्हायचंय’ हेच उत्तर येणार. ‘पहिल्यासारखं करा, डॉक्टर.’ यातून काहीच आखता येत नाही. त्याऐवजी आजारपणाआधीचा एखादा साधा वार घ्यावा. मंगळवार म्हणा. उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करत होतात ते सांगा, म्हणावं. पाणी कोण भरायचं? चहा कोण करायचं? दुकान किती वाजता उघडायचं, कुलूप कोण काढायचं? वीस मिनिटांत दहा-बारा कामं कागदावर येतात. मग विचारावं, यातलं कोणतं अडल्याने जीव सर्वांत जास्त कासावीस होतो. प्रत्येक कामाला एक ते दहापैकी महत्त्वाचे गुण पेशंटनेच द्यायचे. वरची जास्तीत जास्त पाच कामं निवडायची आणि त्या प्रत्येकाला पुन्हा दोनदा गुण: आज किती जमतं, आणि जेवढं जमतं त्यावर समाधान किती. ही पद्धत कॅनडातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टांनी, म्हणजे पेशंटला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणाऱ्यांनी, बसवली आणि १९९१ साली प्रसिद्ध केली. काही आठवड्यांनी पुन्हा तेच विचारतात आणि गुण दोनने वाढले तर फरक खरा पडला असं धरतात. दोन्ही आकडे वेगवेगळे ठेवण्यात मख्खी आहे. काम तेवढंच जमतं, पण समाधान तीनवरून सातवर गेलं, असं होतं. त्याचं उलटंही होतं.

दहापैकी गुण ही कल्पना शाळेत न गेलेल्या आजींना परकी वाटते. त्यांना ‘रुपयात किती आणे जमतं?’ असं विचारलं तर ‘चार आणे’ असं उत्तर लगेच येतं. नवे पैसे १९५७ साली आले, तरी आणे अजून जिभेवर आहेत. मात्र रुपयाचे आणे सोळा, म्हणून हे गुण मूळ दहाच्या मापाशी ताडून बघू नयेत, आणि पुढच्या वेळीही आण्यांतच विचारावं.

आता जे कुठल्याच छापील फॉर्मवर नसतं ते. पक्षाघातात डावी बाजू गेली की, ‘नशीब, उजवा हात वाचला,’ असं म्हणतात. पण आपल्याकडे शौचानंतर धुण्याचं काम डाव्या हाताचं. तो गेला म्हणजे जेवायच्या हाताने धुवायचं, किंवा दुसऱ्याकडून धुऊन घ्यायचं. याचा संकोच इतका असतो की माणूस खाणं-पिणं कमी करतो. मग बद्धकोष्ठ होतो, लघवीला जळजळ सुरू होते, आणि कार्डावर आणखी दोन औषधं वाढतात. उजवी बाजू गेलेल्याचं उलट: धुण्याची अडचण नाही, पण जेवायचं डाव्या हाताने. घरात चालून जाईल, पंगतीत नाही. असा माणूस लग्नाकार्याला जाणं बंद करतो आणि घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. पहिल्याला जेट स्प्रे, तो सुदृढ हाताच्या बाजूला आणि बसल्या जागी पोचेल एवढ्या उंचीवर. दुसऱ्याला जाड मुठीचा चमचा, कड असलेलं ताट, ताटाखाली न घसरणारी जाळीची चटई. खर्च फार नाही. पण हे दुखणं आपण होऊन कोणी सांगत नाही, विचारावं लागतं, तेही एकट्याला, पडदा ओढून, मुलगा-सून बाहेर चहाला गेलेले असताना.

पेशंटने निवडलेलं काम मिळालं की ते सुटं करायचं. समजा, उजवी बाजू कमजोर झालेल्या बाईंनी सांगितलं, ‘पहाटे कोणाला न उठवता संडासला जाता आलं पाहिजे.’ आमच्या नेहमीच्या नोंदीत याचं ‘चालणं सुधारणे’ होतं, आणि तिथेच घोटाळा होतो. चालणं हा त्यातला सोपा तुकडा आहे. आधी कुशीवर वळायचं आणि उठून बसायचं. ते बळकट बाजूने सोपं जातं, म्हणून पलंगाची कुठली कड भिंतीला हे बघायला हवं. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. पलंग ४५ ते ५० सेंमी उंच असेल तर बहुतेकांचे टेकतात. गादीवर गादी घातलेल्या दिवाणावर टेकत नाहीत. तळपाय गुडघ्याच्या थोडे मागे, मान पुढे, मग उठणं. दिव्याचं बटण डाव्या हाताला येतं का? वाटेत उंबरठा किती उंच? न्हाणीघराची फरशी बाहेरच्यापेक्षा इंच-दोन इंच खाली असतेच, आणि ओली असते. आत गेल्यावर पाठ वळवायला जागा लागते. पडतात ते बहुतेक इथे, वळताना. मग कपडे. एका हाताने परकराची नाडी सोडणं आणि मुख्य म्हणजे पुन्हा बांधणं जवळजवळ अशक्य; नाडीच्या जागी इलास्टिक घातलं की आठ दिवसांचा सराव वाचतो. पण गाऊन घालायचा की साडीच नेसायची हे बाईंनी ठरवायचं. साडीच हवी असेल तर निऱ्या शिवून घेतलेली साडी मिळते, ती दाखवावी. शेवटी बसणं. उकिडवं बसणं या अवस्थेत धोक्याचं, म्हणून खालचं भांडं काढलेली लोखंडी कमोड खुर्ची भारतीय संडासावर ठेवता येते, फक्त तिचे चारही पाय सपाट फरशीवर टेकायला हवेत. धरायला दांडी बळकट हाताच्या बाजूला, भिंतीत खोल खिळवलेली. टॉवेलची दांडी माणसाचं वजन घेत नाही, ती निखळून हातात येते.

एवढं सुटं झालं की आठवडाभर नेमका कशाचा सराव करायचा हे पेशंटलाही कळतं. दहा फेऱ्या कॉरिडॉरमध्ये मारण्यापेक्षा पलंगावरून पंधरा वेळा उठणं आणि पाच वेळा वळणं तिच्या जास्त कामाचं आहे. आणि ते ती स्वतः करते, कारण ते कशासाठी हे तिनेच सांगितलेलं असतं. ब्रिटनच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचना पक्षाघाताच्या पेशंटला आठवड्यातले किमान पाच दिवस, रोज किमान तीन तास पुनर्वसनाचे उपचार द्यावेत असं सांगतात. आपल्या वॉर्डात अर्धा तास मिळाला तरी खूप. म्हणजे उरलेले साडेतेवीस तास पेशंटचेच आहेत. ते कशात घालवायचे याची आखणी त्याला वगळून कशी होणार?

घर न पाहता यातलं काही ठरवता येत नाही, आणि घरी जायला कोणाकडे माणूस नाही. पण नातेवाइकाच्या खिशात फोन आहे. दाखल झाल्यावर चार-पाच दिवसांत त्याला सांगावं: पलंग, पलंगापासून संडासापर्यंतची वाट, संडास आतून, बाहेरचा जिना आणि स्वयंपाकाचा ओटा यांचे फोटो, आणि दाराची आतली रुंदी टेपने मोजून. चौकट धरून नव्हे, माणूस जातो ती जागा. साध्या घडीच्या व्हीलचेअरची बाहेरून बाहेर रुंदी साधारण ६५ सेंमी असते आणि चाळीतल्या किंवा जुन्या सोसायटीतल्या न्हाणीघराचं दार दोन-सव्वादोन फूट. खुर्ची दारात अडते हे खुर्ची घेऊन घरी पोचल्यावर कळण्यात काय हशील? उताराचंही तसंच. एक फूट चढायला बारा फूट लांबी हे साधं प्रमाण. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट उतार लागतो, तो जिन्याच्या तोंडाशी बसत नाही, मग लोक दोन फुटांची फळी टाकतात आणि खुर्ची मागे कलंडते.

‘१० मीटर चालतो’ या नोंदीबद्दलही थोडं. अंतराने फारसं कळत नाही, वेग बघावा. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग म्हणजे घरातल्या घरात फिरणं, ०.८च्या पुढे गेला की माणूस बाहेर बऱ्यापैकी मोकळा वावरतो. बारा मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला पहिल्याला ३० सेकंद लागतील, दुसऱ्याला १५. ज्याचं उद्दिष्ट रोज समोरच्या देवळात जाणं आहे त्याला हा हिशेब समोर मांडून दाखवावा. बरेच जण तो ऐकून स्वतःच म्हणतात, मग सकाळी सहाला जाईन, तेव्हा गाड्या नसतात. असा तोडगा आम्हाला सुचत नाही.

ज्याची वाचा गेली त्याला काय विचारणार, असा प्रश्न येतो. वाचाघातात शब्द जातात, पसंती-नापसंती जात नाही. घराचेच फोटो पलंगावर मांडा, एका वेळी दोन. छोटा प्रश्न, एकच. मग दहा सेकंद गप्प बसा. हे सर्वांत अवघड, कारण तिसऱ्या सेकंदाला शेजारचा भाऊ उत्तर देऊन मोकळा होतो. काही पेशंट प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणतात, म्हणून थोड्या वेळाने तोच प्रश्न उलटा विचारायचा. ‘आधी अंघोळ शिकायची?’ आणि नंतर, ‘अंघोळ राहू दे का?’ दोन्हींना ‘हो’ आलं तर उत्तर मिळालेलं नाही असं समजावं आणि उद्या पुन्हा बसावं. मेंदूची उजवी बाजू दुखावलेल्यांचं वेगळं. त्यांतल्या काहींना आपल्याला काही झालंय हेच उमगत नाही. ‘मला काय धाड भरलीय,’ म्हणून ते उठायला जातात आणि पडतात. त्यांच्याशी वाद घालू नये. आधी एखादं काम करून बघू द्यावं, अर्थात बाजूला माणूस उभा ठेवून, आणि उद्दिष्टांची बोलणी त्यानंतर करावीत.

‘मला काही नको, पडून राहू द्या,’ हे उत्तरही जसंच्या तसं लिहून घेऊन मोकळं होऊ नये. पक्षाघातानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे. ते बघितल्याशिवाय ‘पेशंटची इच्छा नाही’ असं लिहिणं आम्हाला गैर वाटतं.

न पेलणारं उद्दिष्ट आलं तर? ‘मोटारसायकल चालवायचीय.’ आपण पटकन ‘विसरा आता’ म्हणतो. त्यापेक्षा गाडी कशासाठी ते विचारावं. कोणाला दूध घालायला जायचं असतं, कोणाला फक्त बायकोवर अवलंबून राहायचं नसतं. पहिल्याला तीनचाकीचा विचार करता येतो, दुसऱ्याला एसटीची पायरी चढण्याचा सराव पुरतो. आणि गाडी चालवणं आज का धोक्याचं आहे हे नजर, तोल आणि उजव्या पायाचा ब्रेक अशा एकेका गोष्टीने करून दाखवावं, दटावून नव्हे. घरच्यांचं आणि पेशंटचं जुळत नाही असंही असतं. मुलाला वडील चालायला हवे असतात. वडिलांना व्हीलचेअर चालेल, पण गावी जायचं असतं. दोन्ही लिहावं, कोणाचं कोणतं ते नावानिशी. पण आखणी पेशंटच्या उद्दिष्टापासून सुरू व्हावी.

हे काही पक्षाघातापुरतं नाही. गुडघा बदलायला आलेल्यांना शस्त्रक्रियेच्या आधीच विचारायला हवं, कारण नंतर विचारून उपयोग नसतो. बदललेला गुडघा साधारण ११० ते १२० अंश वाकतो. सपाट चालायला ६५-७० पुरतात, जिना उतरायला ९०च्या आसपास. उकिडवं बसायला त्याहून बरंच जास्त लागतं. शिवाय आधी जितका वाकत होता त्यावर नंतरचं बरंचसं अवलंबून. ज्यांच्या लेखी पाटावर बसून पूजा हीच दिवसाची सुरुवात आहे, त्यांना देव्हारा टेबलावर येणार हे आधी कळलं तर ते तयारीने येतात. नंतर कळलं तर शस्त्रक्रिया फसली असं गावभर सांगतात, आणि त्यांच्या मापाने ते खरंच असतं. जयपूर फूट निघालं तेही अशाच विचारण्यातून. परदेशी धर्तीचं पाऊल बुटासाठी बनलेलं. ते घालून ना उकिडवं बसता येई, ना मांडी घालता येई, ना ओल्या वावरात अनवाणी जाता येई. रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी १९६८च्या सुमारास रबरी पाऊल केलं, ते माणूस पायाने काय काय करतो हे बघून.

‘वेळ कुठे आहे?’ हा आक्षेप खोटा नाही. जमिनीवर गाद्या घातलेल्या वॉर्डात वीस मिनिटं म्हणजे चैन वाटते. पण ही वीस मिनिटं पेशंटमागे एकदाच लागतात, आणि नको असलेल्या व्यायामावर जाणारे रोजचे वीस त्यातून वाचतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, प्रकृती स्थिर झाल्यावर, पहिली बोलणी. नंतर आठवड्यातून एकदा दहा मिनिटं, खाटेपाशीच: डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, सिस्टर, घरचा एक माणूस. सगळे उभे आणि पेशंट आडवा अशी बैठक नको. त्याला उठवून बसवा आणि पहिलं बोलणं त्याचं असू द्या. यात सिस्टर आणि वॉर्डातल्या मावशी हव्यातच. रात्री तीनला पेशंट काय करतो हे त्यांनाच ठाऊक असतं.

ऑक्युपेशनल थेरपिस्टची मात्र वानवा आहे. रुग्णालयात ‘ओटी’ म्हटलं की लोक ऑपरेशन थिएटरकडे बोट दाखवतात आणि ‘व्यवसायोपचार’ हे मराठी नाव घेतलं की नोकरी लावून देणार का, असं विचारतात. देशातलं या विषयाचं पहिलं विद्यालय १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये कमलाबाई निंबकरांनी सुरू केलं, आणि तरीही ही गत. तालुक्याच्या ठिकाणी हे काम फिजिओला किंवा सिस्टरलाच करावं लागणार, म्हणून कागद सोपा हवा.

रुग्णहक्कांची सनद लावणं महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांना २०२१च्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. तिच्यातला माहितीचा आणि संमतीचा हक्क आपण शस्त्रक्रियेच्या फॉर्मवरच्या सहीपुरता धरतो. आमचं म्हणणं, ‘फिजिओथेरपी सुरू ठेवावी’ ही ओळ काढावी आणि डिस्चार्ज कार्डाला एक पान जोडावं. मराठीत, मोठ्या अक्षरात. वर पेशंटच्या शब्दांत तीन ते पाच कामं, त्याच्याच गुणांसह. ‘मला पहाटे एकटीने संडासला जायचंय’ असंच लिहायचं, त्याचं ‘स्वच्छतागृह-स्वावलंबन’ करायचं नाही. प्रत्येकापुढे आज कुठवर आलं, कोणाची किती मदत लागते, घरी रोज काय आणि किती वेळा करायचं, काय करायचं नाही (लुळ्या हाताला धरून ओढू नये, हे प्रत्येक वेळी), आणि पुन्हा कधी तपासायचं ती तारीख. खाली कोणाला फोन करायचा ते. दोन प्रती काढाव्यात, एक केस पेपरला आणि एक पेशंटच्या हातात, म्हणजे गावाकडचा फिजिओ शून्यापासून सुरुवात करणार नाही. पंधरा दिवसांनी वॉर्डातून एक फोन जावा. तो पेशंटला द्या म्हणावं, आणि पानावरचं पहिलं काम वाचून दाखवून विचारावं, आता किती आणे?

आपले,
रुग्णालयांच्या पुनर्वसन विभागांत काम करणारे काही फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि परिचारिका